माशाचा उजवा डोळा

एका जंगलात एक सिंह राहत असे, ही सुरुवात तुम्हांला तोंडपाठ असेल. आपल्या गोष्टीत जंगल नाही. जंगल असतं तर ही गोष्ट घडलीच नसती आणि मला एवढा संतापही करून घ्यावा लागला नसता. तेव्हा आपण असं म्हणू या : एका दिवाणखान्यात एक मोठा मासा राहत असे आणि त्याच्या मागच्या भिंतीवर एक पाल राहत असे.

मासा चांगला हातभर लांब होता. अंगावर रुपयाएवढे सोनेरी खवले, हनुवटीला दोन मिशा. त्याचे आजे-पणजे दूरच्या देशात, दाट झाडीतल्या एका संथ नदीत राहायचे. त्या जातीच्या माशांचं तोंडच मुळी वरच्या अंगाला उघडतं आणि डोळेही वर बघण्यासाठीच बसवलेले असतात. नदीवर वाकलेल्या फांदीवरून एखादा नाकतोडा घसरला, की तो पाण्याला टेकतो न टेकतो तोच गट्टम! पिढ्यान्‌पिढ्या या माशांनी वर बघितलं आणि पोट भरलं. आता मला सांगा मुलांनो, अशा माशाला कसं ठेवावं? तुम्ही बरोबर सांगाल, कारण तुम्ही निदान विचार तरी कराल. मोठ्यांना तेवढीही फुरसत नव्हती.

ती मोठी माणसं म्हणजे दिनकरराव खराडे आणि त्यांच्या पत्नी कुमुदवहिनी. दिनकररावांचं सांगलीला फरशीचं दुकान. त्यांना कुणी एक वास्तूवाले गुरुजी भेटले. गुरुजी म्हणाले, "हा मासा घरात ठेवा, भरभराट होईल. पेटी उंचावर हवी, तळ अगदी मोकळा हवा, आणि तळाखाली आरसा हवा. मासा दुप्पट दिसेल, भरभराटही दुप्पट होईल." झालं! दुकानातून संगमरवर आला, छातीइतका उंच ओटा बांधला, ओट्यावर आरसा आणि आरशावर काचेची पेटी. पेटी एवढी अरुंद, की माशाला वळताना शेपटी दुमडून घ्यावी लागे. आत एक पान नाही, एक खडा नाही. झाकणात अशी झगझगीत ट्यूब, की वर बघितलं तर डोळे दिपावेत. आणि खाली सगळी जत्रा! खाली सोफा, खाली टीव्ही, खाली पाहुणे, खाली नाचणारी त्यांची पोरं. खाणंसुद्धा बुडणारं, कारण कुमुदवहिनींना पाण्यावर तरंगणारे दाणे पाहुण्यांसमोर बरे दिसत नसत.

त्या पेटीत काचेवरचं शेवाळ खाणारा एक लहानसा काळा मासाही होता. तो तळाला चिकटून असे आणि स्वतःवर भलताच खूश असे. मोठा मासा पहिल्या दिवशी वर वर पोहत राहिला, तेव्हा तो म्हणाला, "वर काय शोधतोयस? दाणे इथं खाली पडतात. शहाणा असशील तर खाली बघ."

"पण खाली एक माझ्याएवढाच मासा आहे," मोठा मासा म्हणाला, "आणि तो सारखा माझ्यावर डोळे रोखून आहे. मी हललो की तो हलतो. मी जरा दुसरीकडे बघितलं आणि त्यानं हल्ला केला तर?"

"मग बघत राहा त्याच्याकडे. आपलं काय जातं?" काळा मासा म्हणाला आणि काच चाटू लागला.

भिंतीवरच्या पालीनं हे ऐकलं. पाल मोठी तापट. तिचं आणि माझं छान जमलं असतं. पेटीच्या झाकणाला वायर आत सोडायला एक फट होती. त्या फटीशी तोंड आणून ती म्हणाली, "अरे, तो मासा नाहीच! तो आरसा आहे! तू आहेस तो!"

"असेल ताई," मासा म्हणाला, "पण तो फार जवळ आहे गं."

असं दीड वर्ष गेलं. मासा दिवसभर आरशातल्या वैऱ्यावर पहारा देई, तळाचे दाणे वेचून खाई, खालची माणसं बघे. वर बघायचं त्याला काही कारणच उरलं नाही. आणि एके दिवशी पालीच्या लक्षात आलं, की माशाचा डावा डोळा खाली उतरलाय. बुबुळ पार खाली वळलेलं आणि वरून नुसतं पांढरं दिसतंय. मासा समोर बघू गेला तरी तो डोळा आपला तळाकडे!

आता ऐका, माझं डोकं कुठं फिरतं ते. त्याच आठवड्यात खराड्यांचे जावई घाटात मोटारसायकलवरून पडले. देवाची कृपा, नुसतं कोपराला खरचटलं. दिनकररावांनी माशाचा डोळा बघितला आणि घाबरून गुरुजींना फोन लावला. गुरुजी तिकडून म्हणाले, "अभिनंदन! जावयावर आलेली पीडा माशानं स्वतःच्या अंगावर घेतली. आता या मासोळीला मुळीच हलवू नका." आणि या घरात आनंदीआनंद झाला! कुमुदवहिनींनी माशावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. दिनकररावांनी गल्लीत पेढे वाटले. पेढे, मुलांनो! एका मुक्या जिवाचा डोळा गेला म्हणून पेढे! शेजारच्या कुणीही विचारलं नाही, की अहो, डॉक्टरला दाखवलंत का. सगळ्यांनी पेढा तोंडात टाकला आणि माशाला हात जोडले.

पाल संतापानं लाल झाली. पाल लाल होत नाही म्हणता? ही झाली होती. दिनकरराव पाहुण्यांना सांगू लागले, "हा मासा म्हणजे आमच्या घराचा राखणदार. संकट आलं की स्वतःवर घेतो." तशी ती भिंतीवरून जिवाच्या आकांतानं ओरडली, "खोटं! खोटं! खोटं!"

पण पालीनं कितीही घसा फोडला तरी माणसाच्या कानाला 'चुक् चुक् चुक्' एवढंच ऐकू येतं. आणि आपल्याकडची रीत तुम्हांला ठाऊक आहे. कुणी काही बोललं आणि लगेच पाल चुकचुकली, की ते बोलणं खरं ठरलं म्हणायचं आणि बोटानं टकटक करायची. दिनकररावांनी लगेच टेबलावर तीनदा बोट वाजवलं. "सत्य, सत्य, सत्य! ऐकलंत ना? पालसुद्धा म्हणाली."

पाहुण्यांनीही सोफ्याच्या हातावर बोटं वाजवली. पाल आणखी चिडली, आणखी ओरडली. त्यांनी आणखी वाजवली. हा प्रकार रोजचा झाला. लोक मुद्दाम बघायला येऊ लागले. दिनकरराव बोलणार, पाल ओरडणार, आणि सगळा दिवाणखाना टकटक करणार. एकदा तर गुरुजी स्वतः येऊन बसले आणि म्हणाले, "दुसरा डोळाही उतरला, की या घराला कसलीच बाधा उरणार नाही." पाल इतक्या जोरात ओरडली, की भिंतीवरून तिचा पाय सुटला. गुरुजींनी हसत हसत टेबल वाजवलं.

आणि खरंच, माशाचा उजवा डोळाही खाली कलू लागला. अजून पुरता गेला नव्हता. प्रयत्न केला तर त्यानं वरचं दिसे, पण दिवसेंदिवस तो प्रयत्न जड होत चालला होता.

एका दुपारी घरात कुणी नसताना मासा फटीखाली आला आणि हळूच म्हणाला, "ताई, रागावणार नसलीस तर एक बोलू?"

"बोल की! मी कशाला रागावेन?" पाल रागानंच म्हणाली.

"तू ओरडतेस ना, तेव्हाच ती माणसं टेबल वाजवतात. तू गप्प असतेस तेव्हा त्यांचे हात गप्प असतात. मी खालीच बघत असतो, म्हणून त्यांचे हात मला नीट दिसतात."

पाल भिंतीला चिकटल्या जागी थिजली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांच्या खोट्यावर शिक्का मारत होते ती मीच?"

"तुझ्या मनात तसं नव्हतं," मासा म्हणाला. "पण ताई, आता एकच डोळा राहिलाय. तोही गेला तर मला वरचं कधीच दिसायचं नाही. आमच्या नदीवर झाडं असतात म्हणे. ती मी बघितली नाहीत. पण आहेत ती वर आहेत, एवढं मला ठाऊक आहे."

त्या दिवशी पालीनं ठरवलं, की खोट्यावर तोंड उघडायचं नाही. कुणी खरं बोललं तरच उघडायचं. तुम्हांला वाटेल, यात काय मोठंसं! अहो, तापट माणसाला विचारा. मला विचारा! समोर कुणी धडधडीत खोटं बोलतंय, आपल्या जिवलगाच्या दुखण्यावर फुशारकी मारतंय, आणि आपण भिंतीला पोट लावून गप्प बसायचं! पाल ट्यूबभोवती फिरणारा एखादा पतंग पकडायची आणि न गिळता तोंडात धरून ठेवायची, म्हणजे तोंड उघडायलाच नको. पाहुणे आले, दिनकरराव बोलले, हात टेबलावर नेऊन थांबले. भिंत गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्प. आठ दिवसांत बघ्यांची गर्दी ओसरली. पण त्या घरात खरं बोलणारं कुणी येईना, आणि डोळा कलतच होता.

मग आक्का आल्या. आक्का म्हणजे दिनकररावांच्या थोरल्या बहीण. कृष्णाकाठच्या गावी राहायच्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगलीला झालं, म्हणून दिनकररावांनी त्यांना आठ दिवस घरी ठेवून घेतलं होतं. बहिणीवर त्यांचा जीव होता, ते कबूल करायला हवं. डोळ्यांत औषधाचे थेंब तेच घड्याळ लावून घालायचे. आक्का काळा चष्मा लावून सोफ्यावर बसल्या आणि समोर वर बघितलं, तर मासा खाली त्यांच्याकडेच बघत होता.

"दिनू," त्या म्हणाल्या, "ह्याचा डोळा आसा का लोंबतोय रं?"

दिनकरराव सरसावून बसले. "आक्का, ती तर मोठी हकिकत आहे. जावईबापू गाडीवरनं पडले आणि नुसतं खरचटलं, आठवतंय ना? ती पीडा ह्या माशानं घेतली." त्यांनी बोट टेबलावर धरलं आणि भिंतीकडे बघितलं.

पाल तोंडात पतंग धरून बसली होती. भिंत गप्प.

"घराचा राखणदार आहे हा," दिनकरराव जरा मोठ्यानं म्हणाले.

भिंत गप्प.

"आज पण पालीला काय झालंय कोण जाणे," कुमुदवहिनी पुटपुटल्या.

"पालीचं ऱ्हाऊ दे गं," असं म्हणून आक्का उठल्या. पेटीजवळ गेल्या, चष्मा कपाळावर सारला आणि तळाशी निरखून बघू लागल्या. "ह्यो आरसा कुणी घातला?"

"गुरुजींनी सांगितला. मासा दुप्पट दिसतो."

"दुप्पट!" आक्का कडाडल्या. "आरं, तुला दुप्पट दिसतोय, पर त्याला त्यो वैरी दिसतोय! दिनू, आपण डोहाच्या काठाला लहानाचं मोठं झालो. वरच्यावर फिरणारं मासं तू बघितलं न्हाईस? झाडावरनं किडा पडला की झप करून उचलत्यात. ह्याचं तोंड बघ. वर उघडतंय का खाली? वर! आन् वर त्याला बघाया काय ठेवलंय तुम्ही? दिवा! खाणं खाली, टीव्ही खाली, पोरं खाली, वैरी खाली. मग डोळा खाली न्हाई यायचा तर काय व्हायचं?"

"अगं पण गुरुजी..."

"गुरुजी गेलं खड्ड्यात! माझ्या डोळ्यात जरा मोतीबिंदूचा सारा आला, तर तू गाडी करून मला दवाखान्यात आणलंस. थेंब घालतोस, वाकू नगंस म्हणतोस, उन्हात जाऊ देत न्हाईस. आन् ह्याचा आख्खा डोळा गेला, तर तू पेढं वाटलंस? लाज कशी वाटली न्हाई रं तुला? ह्यानं कुणाची पीडा घेतली न्हाई. ह्याला पीडा तुम्ही दिलीया!"

पालीनं तोंड उघडलं. महिनाभर कोंडलेला सगळा आवाज एकदम बाहेर पडला, "खरं! खरं! खरं!"

चुक् चुक् चुक्!

आणि तोंडातला पतंग सुटला, झाकणावर धडपडला, दिव्याच्या ओढीनं फटीतून आत घुसला आणि पाण्यावर फडफडू लागला. पाण्यावर काहीतरी हललं! माशाच्या उजव्या डोळ्याला ते पुसटसं जाणवलं. त्यानं सगळा जीव त्या एका डोळ्यात आणला, वर बघितलं आणि उसळला. झाकण थाडकन वाजलं, पाणी दिनकररावांच्या शर्टावर आलं आणि पतंग दिसेनासा झाला. या घरात आल्यापासून तो मासा पहिल्यांदा मासा असल्यासारखा वागला.

दिनकररावांचं बोट मात्र सवयीनं टेबलावर वाजत होतं. "सत्य, सत्य, सत्य," ते म्हणून गेले, आणि मग आपण कशाला सत्य म्हटलं ते त्यांच्या ध्यानात आलं.

"आता तूच म्हणालास," आक्का म्हणाल्या. "मागं फिरायचं न्हाई."

"आक्का, तो योगायोग असेल," दिनकरराव शर्ट पुसत म्हणाले. "मासा इथंच ठेवणं बरं." त्यांनी आशेनं वर बघितलं. पालीनं त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"परसात घर बांधतानाचा हौद हाय. जांभळीखालचा. त्यात सोड ह्याला," आक्का म्हणाल्या.

"चुक् चुक् चुक्!"

या वेळी टेबल कुमुदवहिनींनी वाजवलं. हळूच, पण वाजवलं.

हौद मोठा होता, चांगला दहा-बारा हात लांब. आक्कांनी खुर्ची टाकून कामाला लावलं सगळ्यांना. हौद घासला, पाणी भरून चार दिवस मुरू दिलं, अर्ध्या पाण्यावर कमळाची पानं आणि शेवाळ पसरलं, मासा उडून बाहेर पडू नये म्हणून वर जाळी लावली. थंडीत पाणी गार पडू नये म्हणून पेटीतलं गरम करायचं यंत्र काढून हौदात बसवलं आणि जोडीला तसलंच दुसरं आणलं. बुडणारे दाणे बंद झाले, तरंगणारे आले. हौदाला तळ होता, पण तो गडद आणि काळोखा होता. तिथं कुणी वैरी राहत नव्हता. बघण्यासारखं जे काही होतं, ते सगळं वर होतं : जांभळीची पानं, पानांतून पडणारे मुंगळे, येता-जाता सावली टाकणारे पक्षी. काळा मासा पेटीतच राहिला. त्याला खाली बघणं खरंच मानवत होतं, कारण त्याचं तोंडच खाली होतं. त्याच्यावर मी रागावणार नाही. सल्ला मात्र त्यानं आपल्या तोंडापुरता द्यायला हवा होता.

पाल परसातल्या भिंतीवर राहायला आली. पहिल्या सकाळी तिनं विचारलं, "काय दिसतं रे?"

मासा बराच वेळ वर बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, झाड दिसतं."

सहा महिन्यांत त्याचा उजवा डोळा सरळ झाला. डावा उतरला तो उतरलाच. त्याच्यावर आक्कांनी काही करून बघितलं नाही असं नाही, जनावरांच्या डॉक्टरांनाही बोलावलं. ते म्हणाले, "फार उशीर झाला. पहिल्या महिन्यात का नाही बोलावलंत?" दिनकरराव खाली बघत उभे राहिले. पहिल्या महिन्यात ते पेढे वाटत होते, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार?

अजूनही पाहुणे येतात. दिनकरराव त्यांना परसात नेतात. पानांखालून एक सोनेरी पाठ सरकते आणि नाहीशी होते. पाहुणे हिरमुसून म्हणतात, "अहो, इथून मासा नीट दिसत नाही."

"नाही दिसत," दिनकरराव म्हणतात. "पण त्याला दिसतं."

भिंतीवरून आवाज येतो, चुक् चुक् चुक्. दिनकररावांचं बोट हौदाच्या कठड्यावर तीनदा वाजतं, आणि माशाचा उजवा डोळा वर जांभळीकडे लागलेला असतो. डावा बिचारा अजून खालीच बघत असतो.

तात्पर्य : ज्याला घरी आणाल त्याचं घर आपल्या हौसेनं बांधू नका, त्याचे डोळे कुठं बघतात ते पाहून बांधा; तेवढं जमत नसेल तर त्याला आणूच नका, आणि आपल्या हातून झालेल्या त्याच्या दुखण्याला आपलं भाग्य तर मुळीच म्हणू नका.